कल्याणला गाडी बदलताना

"मला लहान मुलांना शिकवायचंय. आधी कम्युनिटी कॉलेज आणि मग युनिव्हर्सिटी, एवढं कळलं. पण डिग्री नेमकी कशाची घ्यायची?"

कॅलिफोर्नियात हा प्रश्न हमखास ऐकू येतो तो रविवारच्या मराठी शाळेच्या व्हरांड्यात. आत मुलं 'क' गिरवत असतात आणि बाहेर त्यांच्या आया चहाचे कप हातात घेऊन उभ्या असतात. त्यातली एखादी या शाळेत दोन वर्षं फुकट शिकवून झालेली असते, आणि आपल्याला हे जमतं आणि आवडतंही, असं तिच्या लक्षात आलेलं असतं. मग नोकरीची जाहिरात पाहावी तर तिथे लिहिलेलं असतं, 'बारा युनिट'. दुसरीकडे 'चोवीस युनिट आणि पर्मिट'. तिसरीकडे 'बॅचलर्स आणि क्रेडेन्शियल'. मैत्रीण सांगते चाइल्ड डेव्हलपमेंट घे, कॉलेजचा काउन्सेलर म्हणतो लिबरल स्टडीज बघा.

माझ्या मते प्रश्न उलट्या टोकाने विचारला जातो. डिग्रीचं नाव सगळ्यात शेवटी ठरवायचं असतं. आधी ठरवायचं ते असं : मुलं किती वर्षांची, आणि वर्ग कोणाचा?

१. दोन टप्पे आले कुठून?

भारतात आपण बारावीनंतर एका कॉलेजात शिरतो आणि तीन-चार वर्षांनी त्याच दारातून पदवी घेऊन बाहेर पडतो. कॅलिफोर्नियात निम्मी पदवी एका ठिकाणी आणि निम्मी दुसरीकडे, ही सर्रास चालणारी गोष्ट आहे. तिथल्या ज्युनिअर कॉलेजांची सुरुवात 1910 मध्ये फ्रेझ्नो गावात झाली. 1960 च्या उच्चशिक्षण आराखड्याने तीन थर पक्के केले : सर्वांना खुली असलेली कम्युनिटी कॉलेजं, त्यांच्या वर कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी आणि तिसरा थर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया. पहिली दोन वर्षं खालच्या थरात काढून वरच्या थरात जाणारा तो 'ट्रान्सफर स्टुडंट'.

फायदा पैशांचा आहे. राज्याच्या रहिवाशाला कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला 46 डॉलर पडतात. बॅचलर्सला साधारण 120 युनिट लागतात, त्यातली 60 इथे केली तर शिकवणीचा खर्च 2,760 डॉलर. पुस्तकं आणि किरकोळ फिया वेगळ्या. रहिवासी ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचा पुरावा लागतो. जोडीदारासाठीच्या एच-4 व्हिसावर आलेल्यांनाही हा हक्क मिळू शकतो. रहिवासी नसलेल्यांचा दर मात्र कित्येक पट असतो, त्यामुळे नुकत्याच आलेल्या बाईने घाईने नाव नोंदवण्यापूर्वी कॅलेंडर बघावं.

२. युनिट आणि त्यातली मेख

युनिट म्हणजे अभ्यासाचं माप. तीन युनिटांच्या विषयाला आठवड्याला साधारण तीन तास वर्ग आणि त्याच्या दुप्पट घरचा अभ्यास धरतात.

पण मापं दोन आहेत. बहुतेक कॉलेजं सेमिस्टरवर चालतात. काही, उदाहरणार्थ क्युपर्टिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फुटहिल, क्वार्टरवर चालतात. सेमिस्टरचं एक युनिट म्हणजे क्वार्टरचं दीड. किलो आणि पौंडासारखंच हे. भाव बघताना पाटी कुठल्या मापाची आहे ते पाहिलं नाही, तर फसायला होतं.

समजा, जाहिरातीतली 'बारा युनिट' वाचून कोणी क्वार्टरच्या कॉलेजात चार-चार युनिटांचे तीन विषय केले आणि बारा झाले म्हणून अर्ज टाकला. पण अट बारा सेमिस्टर युनिटांची, म्हणजे अठरा क्वार्टर युनिटांची. तिच्याकडे आहेत बारा भागिले दीड, म्हणजे आठ. चौथा विषय केला तरी सोळा भागिले दीड म्हणजे दहा आणि दोन तृतीयांश. अजून अपुरंच. ही चूक हुशार माणसंही करतात, कारण वेगळं माप असेल अशी शंकाच कोणाला येत नाही.

३. वर्ग कोणाचा?

आता मूळ प्रश्न. कॅलिफोर्नियात लहान मुलांच्या वर्गाला तीन वेगळी दारं आहेत आणि प्रत्येक दाराशी वेगळा पहारेकरी उभा आहे.

पहिलं दार खासगी प्रीस्कूलचं. तिथे परवाना देणाऱ्या खात्याचे नियम चालतात. पूर्ण पात्र शिक्षिका होण्यासाठी बालशिक्षणाची बारा सेमिस्टर युनिटं आणि थोडा अनुभव लागतो. डिग्री लागत नाही. चार विषय, 552 डॉलर. सहा युनिटं झाली की उरलेली शिकत-शिकत कामाला लागता येतं.

दुसरं दार राज्याच्या पैशावर चालणाऱ्या प्रीस्कूलचं. इथे शिक्षक-परवाना आयोगाचं 'चाइल्ड डेव्हलपमेंट पर्मिट' लागतं. या पर्मिटच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात खालची सहाय्यकाची, सहा युनिटांची. 'टीचर' या पायरीला बालशिक्षणाची चोवीस युनिटं, सामान्य शिक्षणाची, म्हणजे इंग्रजी, गणित-विज्ञान अशा विषयांची, सोळा, आणि चार वर्षांच्या आत 175 दिवस रोज निदान तीन तास काम केल्याचा अनुभव. सगळ्यात वरच्या पायरीला, म्हणजे केंद्रप्रमुखाच्या वर, बॅचलर्स लागते.

तिसरं दार सरकारी शाळेचं. 2010 च्या कायद्याने तिथे 'ट्रान्झिशनल किंडरगार्टन' नावाचा वर्ग सुरू झाला. बालवर्गाच्या आधीचा हा फुकट वर्ग आधी थोड्याच मुलांसाठी होता. 2025-26 पासून तो 1 सप्टेंबरपर्यंत चार वर्षं पूर्ण करणाऱ्या सगळ्या मुलांना खुला झाला. या वर्गावर शिकवायला बॅचलर्स, त्यावर सरकारी शाळेचं क्रेडेन्शियल, म्हणजे शिकवण्याचा परवाना, आणि बालशिक्षणाची चोवीस युनिटं किंवा त्यांच्या तोडीचा अनुभव लागतो. अलीकडे शिशुवर्ग ते तिसरी अशा टप्प्यासाठी वेगळं 'पी.के.-3' क्रेडेन्शियलही आलं आहे, त्यात सहाशे तासांचा प्रत्यक्ष सराव आहे. आपल्याकडच्या 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा 'पायाभूत टप्पा' सलग धरला, त्याच्याशी हा विचार बराच जुळतो.

दारादारांत पगाराचा फरक मोठा आहे आणि तो बोलून दाखवायला हवा. अमेरिकाभरच्या आकड्यांत प्रीस्कूल शिक्षकांचा मधला पगार वर्षाला 37 हजार डॉलरच्या आसपास आहे, तर बालवर्ग आणि प्राथमिक शिक्षकांचा साठ हजारांच्या पुढे. मुलं तीच, वयात वर्षा-दोन वर्षांचं अंतर. एक वर्ग 'शाळा' म्हणवतो आणि दुसरा 'सांभाळणं', म्हणून एवढी तफावत असावी हे मला अजूनही पटत नाही. पण वाट निवडताना ती हिशेबात धरावीच लागते.

४. तीन गाड्या

मुंबईहून निघालेल्या कर्जत आणि कसारा लोकल कल्याणपर्यंत एकाच मार्गाने जातात. दादर, ठाणे, डोंबिवली, काही फरक पडत नाही. कल्याणनंतर एक फाटा बदलापूरकडे जातो, दुसरा टिटवाळ्याकडे. बदलापूरला जायचं आणि डुलकीत टिटवाळा आलं, तर तिकीट फुकट गेलं असं नाही, पण परत कल्याणला यावं लागतं आणि संध्याकाळ जाते.

कम्युनिटी कॉलेजची पहिली दोन-तीन सत्रं म्हणजे कल्याणपर्यंतचा प्रवास. इंग्रजी लेखन, भाषण, तर्क, गणित, थोडं विज्ञान, इतिहास : हे सगळ्यांनाच लागतं. त्यानंतर रूळ वेगळे होतात. 2010 च्याच आणखी एका कायद्याने 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर' नावाची साठ युनिटांची पदवी निर्माण केली. लहान मुलांशी संबंध असलेल्या अशा तीन गाड्या एकाच फलाटावर लागतात.

एक, 'अर्ली चाइल्डहूड एज्युकेशन'. हिच्यात प्रत्यक्ष वर्ग जास्त. अभ्यासक्रम कसा आखायचा, मुलांचं निरीक्षण कसं करायचं, आरोग्य, सराव. पहिल्या दोन दारांची किल्ली या पदवीच्या पोटातच आहे, आणि तिसऱ्यासाठी लागणारी चोवीस युनिटंही.

दोन, 'चाइल्ड अँड अ‍ॅडोलेसंट डेव्हलपमेंट'. हिच्यात मानसशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचा वाटा मोठा. पुढे समुपदेशन, समाजकार्य, संशोधन, बाल-रुग्णालय अशा वाटा ज्यांना उघड्या ठेवायच्या आहेत त्यांना ही सोयीची. पण प्रीस्कूलमध्ये उद्या उभं राहायला लागणारी बारा युनिटं हिच्यात आपसूक पूर्ण होतीलच असं नाही.

तीन, 'एलिमेंटरी टीचर एज्युकेशन'. ही पुढे बहुधा लिबरल स्टडीजकडे जाते. जीवशास्त्र, भूगोल, अमेरिकेचा इतिहास, प्राथमिक गणितामागचं गणित, बालसाहित्य. प्राथमिक शाळेत एकच शिक्षक सगळे विषय शिकवतो, त्याची ही तयारी. पाचवीपर्यंतच्या वर्गात रमणाऱ्यांची ही गाडी.

तिन्ही गाड्यांच्या पाट्यांवर लहान मुलाचं चित्र असावं तशी यांची नावं आहेत, त्यामुळे गोंधळ होतो. तीन ते पाच वयाची मुलं हवीत असा ज्यांचा ठाम निश्चय आहे, त्यांनी पहिलीत बसावं. निश्चय नसेल तर एक विषय घेऊन बघावा.

५. तो एक विषय, आणि उरलेले सात

कॅलिफोर्नियाच्या कॉलेजांनी मिळून बालशिक्षणाचे आठ विषय समान ठरवले आहेत. प्रत्येकी निदान तीन युनिटं, एकूण चोवीस. 'बालकाची वाढ आणि विकास', 'बालक, कुटुंब आणि समाज', 'अध्यापनाची तत्त्वं', 'अभ्यासक्रमाची ओळख', 'निरीक्षण आणि मूल्यमापन', 'आरोग्य, सुरक्षितता आणि पोषण', 'विविधतेच्या समाजात शिकवणं', आणि शेवटी प्रत्यक्ष सराव, ज्याला 'प्रॅक्टिकम' म्हणतात.

चाखून बघायचं असेल तर 'बालकाची वाढ आणि विकास' घ्यावा. वरच्या तिन्ही गाड्यांत तो चालतो आणि बहुतेक कॉलेजांत सामान्य शिक्षणातल्या सामाजिक शास्त्रांच्या खान्यातही मोजला जातो. मन बदललं तरी वाया जात नाही.

'बालक, कुटुंब आणि समाज' शिकताना मराठी विद्यार्थिनीला मात्र घरचं काही आठवायला हवं. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावं, ही गोष्ट बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात करून दाखवली. वस्तीतल्या अंगणात भरली ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावर भरली ती कुरणशाळा. कुटुंबाच्या रोजच्या जगण्यातून शिक्षण सुरू करावं हे अमेरिकन पाठ्यपुस्तकात चौकटीत छापून येतं, तेव्हा आपली मुलगी ते नवीन म्हणून पाठ करते. तिने वर्गात हात वर करून कोसबाडबद्दल सांगावं. प्राध्यापकांना असं ऐकायला आवडतं, आणि प्रकल्पाचा विषयही आयता मिळतो.

प्रॅक्टिकमबद्दल एक व्यावहारिक गोष्ट. आधीचे मुख्य विषय झाल्याशिवाय त्याला प्रवेश मिळत नाही, आणि तो दिवसा असतो, कारण मुलं दिवसाच असतात. बाकीचे सात विषय संध्याकाळी किंवा ऑनलाइन करून नोकरी सांभाळता येते. आठव्याला सत्रभर आठवड्यातल्या काही सकाळी मोकळ्या कराव्या लागतात. हे पहिल्याच सत्रात माहीत असलं तर नवऱ्याशी, सासूशी, मालकाशी बोलणी वेळेत होतात. शेवटच्या सत्रात कळलं तर पदवी वर्षभर लांबते.

६. हमी कशाची आणि कशाची नाही

ट्रान्सफरची असोसिएट डिग्री असेल तर स्टेट युनिव्हर्सिटीत प्रवेशाची हमी आहे, असं सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच.

हमी त्या व्यवस्थेतल्या कुठल्यातरी कॅम्पसची आहे. घराजवळच्या कॅम्पसची, समजा सॅन होजेची, नाही. आणि 'उरलेल्या साठ युनिटांत बॅचलर्स पूर्ण' ही दुसरी हमी फक्त तेव्हाच लागू होते, जेव्हा त्या कॅम्पसने आपला विषय तुमच्या पदवीशी 'मिळताजुळता' म्हणून जाहीर केलेला असतो. प्रत्येक कॅम्पसची यादी वेगळी. सॅन होजे आणि नॉर्थरिज इथे विषयाचं नाव 'चाइल्ड अँड अ‍ॅडोलेसंट डेव्हलपमेंट' आहे. नावं सारखी वाटली तरी आतली यादी वेगळी निघते.

हिशेब करून बघू. बालशिक्षणाची 24 युनिटं. सामान्य शिक्षणाचा 'कॅल-गेटसी' हा नवा समान संच 34 युनिटांचा. बेरीज 58. बालविकासाचा विषय दोन्हीकडे मोजला गेला तर तीन वजा, राहिली 55. साठला पाच कमी, ती कुठलीही ट्रान्सफर होणारी. इथे थांबून पुढच्या कॅम्पसची यादी उघडावी. ती पाच युनिटं संख्याशास्त्राच्या विषयासारख्या, पुढे नक्की लागणाऱ्या गोष्टीवर घालवावीत. योगासनांचा वर्ग चांगलाच, पण तो इथे मदतीला येत नाही.

याउलट कोणी उत्साहाने कम्युनिटी कॉलेजात बालशिक्षणाचे बारा-पंधरा विषय करते. बालसंगीत, बालसाहित्य, विशेष गरजा असलेली मुलं, केंद्राचं व्यवस्थापन. सगळे उपयोगी. पण कम्युनिटी कॉलेजची जास्तीत जास्त 70 युनिटंच स्टेट युनिव्हर्सिटी मोजते. शिवाय कम्युनिटी कॉलेजचा विषय 'लोअर डिव्हिजन', म्हणजे पहिल्या दोन वर्षांचा, ठरतो. वर गेल्यावर त्याच मजकुराचा 'अपर डिव्हिजन' विषय आला, तर तो पुन्हा करावा लागतो. पुस्तक तेच असलं तरी.

कुठला विषय कुठे चालतो हे बघायला 'असिस्ट' नावाचं सार्वजनिक संकेतस्थळ आहे. एका बाजूला आपलं कॉलेज, दुसऱ्या बाजूला इच्छित कॅम्पस आणि विषय निवडला की समोरासमोर जोड्या दिसतात. काउन्सेलरकडे जाण्याआधी हा तक्ता छापून न्यावा. त्याच्याकडे अर्धा तास असतो आणि बाहेर रांग असते. कागद हातात असला की त्या अर्ध्या तासाचं सोनं होतं. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाकडे डोळा असेल तर आणखी जपून. प्रॅक्टिकमसारखे हाताने करायचे विषय तिथे अनेकदा मोजत नाहीत.

पानगळीच्या सत्रासाठी स्टेट युनिव्हर्सिटीचे अर्ज आदल्या वर्षीच्या 1 ऑक्टोबरला उघडतात आणि साधारण नोव्हेंबरअखेर बंद होतात. दिवाळीची गडबड नेमकी याच दिवसांत असते.

७. "माझं बी.कॉम. झालंय"

हा प्रश्न मराठी व्हरांड्यात सगळ्यात जास्त येतो, आणि त्याचं उत्तर सगळ्यात कमी जणींना माहीत असतं.

समजा, धुळ्याहून बी.कॉम. झालेली एक बाई आहे. तिला सांगितलं जातं, पहिल्यापासून असोसिएट डिग्री करा, मग बॅचलर्स. थांबा. आधी भारतातल्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घ्यावं, आणि तेही शिक्षक-परवाना आयोगाने मान्य केलेल्या संस्थेकडूनच, कारण इतरांचा अहवाल पर्मिटला चालत नाही. तीन वर्षांची भारतीय पदवी काही संस्था अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची धरतात, काही फक्त तीन वर्षांचं कॉलेज शिक्षण म्हणून मोजतात.

बरोबरीची ठरली, तर तिला दुसरी बॅचलर्स करायचं कारण नाही. कम्युनिटी कॉलेजात आठ विषय, चोवीस युनिटं, 1,104 डॉलर. मग क्रेडेन्शियलचा अभ्यासक्रम, आणि तिसरं दार उघडं. न ठरली तरी पर्मिटला लागणारी सामान्य शिक्षणाची सोळा युनिटं त्या गुणपत्रिकांतून मिळायला हरकत नसते. वाणिज्य शाखेतलं अर्थशास्त्र आणि इंग्रजी इतक्या वर्षांनी कामाला येतं. विद्यापीठाकडून मोहोरबंद पाकिटात गुणपत्रिका मागवायला मात्र महिने जातात. खिडकीवर भाऊ किंवा वहिनी पाठवावी लागते, त्या खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर जावं लागतं. हे काम प्रवेशाच्या आधी सुरू करावं.

यात एक गाठ व्हिसाची. एच-4 वर शिकायला आडकाठी नाही, पण नोकरी करता येत नाही. 2015 पासून काही एच-4 धारकांना कामाचा परवाना मिळतो, तोही जोडीदाराच्या ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोहोचला असेल तर. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी 'टीचर' पर्मिटचे 175 दिवस आणायचे कुठून? त्यासाठी त्याच नियमात दुसरा पर्याय आहे. बालशिक्षणातली असोसिएट डिग्री आणि तिच्यात तीन युनिटांचा देखरेखीखालचा सराव असेल, तर अनुभवाचे दिवस मागत नाहीत. म्हणून बी.कॉम. असूनही, कामाचा परवाना हातात नसलेल्या बाईला मी संपूर्ण असोसिएट डिग्री करायला सांगेन. परवाना असलेलीला सांगणार नाही. दोघींची पदवी एक, गाव एक, मुलांची आवडही एक, पण गाड्या वेगळ्या.

८. वर्गात पाऊल टाकण्यापूर्वी

प्रॅक्टिकम असो वा नोकरी, मुलांजवळ जाण्याआधी बोटांचे ठसे द्यावे लागतात, गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लशींचा पुरावा लागतो, आणि क्षयरोग नसल्याचा दाखला. या शेवटच्या कागदावर भारतातून आलेल्या बायका हटकून अडखळतात. क्षयाचं प्रमाण जास्त असलेल्या देशात जन्म म्हटल्यावर चाचणी आलीच. दवाखान्यात हाताच्या कातडीखाली थेंबभर औषध टोचतात, दोन दिवसांनी तिथे गांधी उठते, आणि मग छातीचा एक्स-रे, फेऱ्या, सत्राची सुरुवात तोंडावर. अनेकदा ती गांधी लहानपणच्या बीसीजी लशीमुळे उठलेली असते. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, त्यामुळे सुईला हात पुढे करण्याआधी बाही वर करून दंडावरचा तो जुना वण नर्सला दाखवावा आणि रक्ताची चाचणी करा, असं सांगावं.